माजाळीच्या घराची समुद्राकडची भिंत

प्रश्न : आम्ही बेळगावात अनगोळला राहतो. वडिलोपार्जित घर कारवारजवळ माजाळीला, समुद्रापासून साधारण तीनशे मीटरवर आहे. भिंती चिऱ्याच्या, बाहेरून सिमेंटचा गिलावा. पश्चिमेची भिंत ४० फूट लांब आणि दोन मजले मिळून २० फूट उंच. तिला चार खिडक्या आणि एक दार. दर दिवाळीला रंग देतो आणि दर मृगात तो फुगून पडतो, आतल्या बाजूला ओल येते. थोरल्या भावाने जांबोटीच्या घराला आठ वर्षांपूर्वी पावसाकडून रंगीत पत्रा मारला, तो अजून जसाच्या तसा आहे. आमचा बेळगावचा ठेकेदार म्हणतो, तोच पत्रा माजाळीला मारू, नाहीतर एसीपी (मध्ये प्लॅस्टिक, बाहेर ॲल्युमिनियम असलेलं पॅनेल) लावू. पंचवीस-तीस वर्षं बघायला लागू नये असं कोणतं क्लॅडिंग, म्हणजे भिंतीचं बाहेरचं आवरण, घ्यावं?

उत्तर : जांबोटीचा पत्रा माजाळीला मारू नका. भावाचा निर्णय बरोबर होता, ठेकेदारही फसवत नसेल. पण या दोन घरांची दुखणी वेगळी आहेत. जांबोटी, कणकुंबी, आमगाव या पट्ट्यात पाऊस भयंकर पडतो, पण तो गोडा पाऊस. समुद्र तिथून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरहून लांब, आणि मध्ये घाट. माजाळीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस तर आहेच, शिवाय उरलेले आठ महिने रोज दुपारी समुद्राकडून सुटणारा वारा भिंतीवर मीठ आणून टाकतो. ते धुऊन काढायला तेव्हा पाऊस नसतो.

मिठाचं काम कसं चालतं हे कळलं की पुढची निवड सोपी होते. साधं मीठ हवेत ७५ टक्के आर्द्रता झाली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे जानेवारीत, पावसाचा थेंब नसताना, तुमच्या भिंतीवरच्या धातूवर रात्रभर खाऱ्या पाण्याची पातळ साय असते. जांबोटीची भिंत पावसाळ्यात भिजते आणि नंतर वाळते. माजाळीची भिंत पुरती वाळतच नाही.

आता पत्र्याचा हिशोब करून बघा. लोखंडी पत्र्याला वाचवतो तो जस्ताचा थर. वरचा रंग त्याला फक्त झाकतो. बाजारात चांगला म्हणून मिळणाऱ्या २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त असतं, म्हणजे एका बाजूला जेमतेम १९-२० मायक्रॉन. आयएसओ ९२२३ या मानकात हवा धातूला किती गंजवते त्यावरून तिचे वर्ग केलेत. जांबोटीसारख्या ठिकाणी, म्हणजे सी-३ वर्गात, उघडं जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतं. तो थर नऊ ते सत्तावीस वर्षं पुरतो. समुद्राकाठच्या सी-५ वर्गात हीच झीज ४.२ ते ८.४ मायक्रॉन. तोच थर अडीच ते साडेचार वर्षांत संपला. १२० ग्रॅमचा स्वस्त पत्रा असेल तर एक-दोन वर्षांत. रंगाखाली तो जास्त टिकतो हे खरं, पण प्रत्येक कापलेली कड, प्रत्येक स्क्रूचं भोक ही रंगाची संपलेली जागा असते, आणि गंज तिथूनच आत शिरतो. ॲल्युमिनियम-जस्त मिश्रणाचा पत्रा साध्या जस्तापेक्षा बराच चांगला, तरी समुद्राच्या इतक्या जवळ त्याचीही कड खाल्ली जाते, आणि ओल्या सिमेंटला चिकटला तर आणखी लवकर.

एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. वळचणीखालचा, पाऊस न लागणारा पत्रा आधी गंजतो. उघड्या भागावरचं मीठ पावसाळ्यात धुऊन जातं. वळचणीखालचं, छज्जाखालचं मीठ वर्षानुवर्षं तिथंच साठतं. क्लॅडिंग पाहायला कुणाच्या घरी गेलात तर मधला चकचकीत भाग बघू नका, छपराखालचा एक हात बघा.

एसीपीबद्दल थोडक्यात. ४ मिलिमीटरच्या एसीपीत बाहेरचं ॲल्युमिनियम दोन्हीकडे जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर, बाकी मध्ये प्लॅस्टिक. पीव्हीडीएफ लेप असेल तर पृष्ठभाग समुद्राकाठीही बरा राहतो. पण घरांना सहसा लावतात तो स्वस्त माल पॉलिथिलीन गाभ्याचा असतो, आणि तो गाभा पेटतो. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरची आग बाहेरच्या अंगाने वर चढली ती अशाच गाभ्याच्या पॅनेलवरून. राहत्या घराला ते नको. शिवाय एसीपीचं पाणी थांबवणं सांध्यातल्या सिलिकॉनवर अवलंबून असतं. उन्हात आणि खाऱ्या हवेत सिलिकॉन सुटलं की पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट उरत नाही.

पीव्हीसीची पट्टी मीठ खात नाही, पण उन्हाने वाढते. पीव्हीसी दर मीटरला, दर अंशाला सुमारे ०.०६५ मिलिमीटर वाढतं, ३.६ मीटरची पट्टी पहाटे ते भर दुपार पृष्ठभागाच्या ४० अंशांच्या फरकात नऊ-साडेनऊ मिलिमीटर लांब होते. ही पट्टी खाचेच्या मध्यावर स्क्रू मारून, डोकं एक मिलिमीटर सैल ठेवून, नुसती लोंबकळत ठेवायची असते. आपल्याकडे कारागीर स्क्रू गच्च आवळतात आणि पहिल्याच एप्रिलमध्ये भिंतीला लाटा येतात. पश्चिमेच्या उन्हाला गडद रंगाची पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांची) पट्टी घेऊच नये. लाकूड हवं असेल तर जोयडा-दांडेलीकडचं जुनं, वाळलेलं सागवान समुद्राकाठी उत्तम टिकतं. पण दरवर्षी तेल द्यावं लागेल, आणि तुम्ही तर बघायला लागू नये म्हणता. चिकटवलेला नैसर्गिक दगड? खालच्या दोन-तीन फुटांच्या जोत्याला ठीक. दुमजली उंचीवर, नेहमी ओल्या भिंतीवर नुसत्या चिकटवणीच्या भरवशावर दगड लटकवणं म्हणजे खाली खेळणाऱ्या पोरांच्या डोक्यावर टांगणं.

तुमच्यासाठी आमची निवड अशी : सिमेंट फायबर बोर्डाच्या आडव्या पट्ट्या, मागे ॲल्युमिनियमचे उभे पाइप, भिंत आणि पट्टी यांच्यात २५ मिलिमीटर मोकळी हवा, आणि सगळे स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे. यात महत्त्वाचं काय असेल तर शेवटच्या दोन गोष्टी. पट्टी कोणत्या कंपनीची याने पाच वर्षांचा फरक पडेल. स्क्रू आणि मागची फट चुकली तर पंधरा वर्षांचा. समुद्राकाठचं क्लॅडिंग बहुतेक वेळा स्क्रूपासून मरतं. पट्टी धड असते, पण तिला धरणारं काही उरलेलं नसतं.

फट कशासाठी, ते सांगतो. झडीचा पाऊस कोणत्याही आवरणाच्या सांध्यातून थोडा आत येणारच. त्याला अडवण्याचा हट्ट सोडायचा आणि आत आलेलं पाणी मागच्या फटीतून खाली गळून जाईल, उरलेली ओल वरून-खालून वाहणाऱ्या हवेने सुकेल, अशी सोय करायची. आपल्या जुन्या लोकांनी पावसाळ्यापुरते पडवीला झावळ्यांचे झाप बांधले ते याच तत्त्वावर : झाप भिंतीपासून सुटा, पाऊस त्याच्यावर, भिंत कोरडी.

काम नोव्हेंबर ते मार्चमध्येच करा. पहिले पंधरा दिवस भिंतीचे. आज आत येणारी ओल नेमकी कुठून येते ते आधी पाहा : कठड्याची फुटलेली माथ्याची सिमेंटपट्टी, खिडकीच्या उंबऱ्याला खालून पाणी तोडणारी खाच नसणं, स्लॅब आणि चिरा यांच्या सांध्यातली आडवी चीर. ही तीन ठिकाणं दुरुस्त न करता क्लॅडिंग लावलं तर ओल तशीच राहील आणि वर दिसायची बंद होईल. छज्जाच्या किंवा स्लॅबच्या काँक्रीटला गंजाचे डाग, आतून फुगलेली सळई असेल तर ते आधी. खाऱ्या हवेतल्या काँक्रीटला आयएस ४५६ प्रमाणे सळईवर ४५ मिलिमीटरचं आवरण लागतं आणि जुन्या छज्जात ते बहुधा १५-२० असतं. सैल काँक्रीट फोडून, सळई घासून, दुरुस्तीचा मसाला भरून मगच पुढे जा. क्लॅडिंगमागे फुगणारा स्लॅब तुम्हाला दिसणार नाही.

गिलावा लाकडी हातोडीने ठोकत जा. जिथं पोकळ वाजेल तिथं चिऱ्यापर्यंत काढा. लोणा लागला असेल तर आधी कोरड्या ब्रशने झाडून गोळा करून टाका. घाईने पाणी मारलं तर तेच मीठ विरघळून परत भिंतीत जातं. नंतर गोड्या पाण्याने धुवा आणि आठ-दहा दिवस वाळू द्या. नवा गिलावा एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असा करा. नुसत्या सिमेंटचा कडक गिलावा मऊ चिऱ्यावर फुटतो आणि भिंतीला आतली ओल बाहेर टाकू देत नाही. वाळू नदीची किंवा एम-सँड (दगड भरडून केलेली). किनाऱ्यावरची वाळू स्वस्त म्हणून गवंड्याने मिसळली तर मीठ तुम्हीच भिंतीत भरलं असं होईल. या भिंतीला रबरासारखा जलरोधक रंग देऊ नका. क्लॅडिंग आल्यावर तिच्यावर पाऊस येणारच नाही, तिला श्वास घेता आला पाहिजे.

आता मोजमाप. ४० गुणिले २० म्हणजे ८०० चौरस फूट, त्यातून खिडक्या-दाराचे ८५ वजा केले की ७१५ चौरस फूट, म्हणजे ६६ चौरस मीटरच्या आसपास. ३ मीटर लांब, २०० मिलिमीटर रुंद पट्टी घ्या, जाडी ८ मिलिमीटर. एकीवर एक ३० मिलिमीटर चढवल्यावर १७० दिसते, म्हणून एक पट्टी ०.५१ चौरस मीटर झाकते. १३० पट्ट्या लागतील, कापाकापीला दहा टक्के धरून १४५ मागवा. वजन नऊशे किलोच्या घरात जाईल, त्यामुळे माल एकदम वरच्या गच्चीवर एका कोपऱ्यात रचू नका. घेताना आयएस १४८६२ प्रमाणे 'ए' प्रकारचा बोर्ड आणि ॲस्बेस्टॉसमुक्त, हे दोन्ही बिलावर लिहून घ्या. 'बी' प्रकार घराच्या आतल्या कामासाठी असतो. दुकानात दोन्ही सारखेच करडे दिसतात, आणि स्वस्त भाव आला की बहुतेक वेळा तो 'बी' असतो.

उभे पाइप ५० गुणिले २५ मिलिमीटरचे, ६०६३ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे, पाइपाची भिंत २ मिलिमीटर जाड. पातळ पाइपात स्क्रूचे आटे धरत नाहीत. चपटी ५० ची बाजू पुढे येईल असा लावला की मागे आपोआप २५ ची फट मिळते. दोन पाइपांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३७५ मिलिमीटर. ठेकेदार सवयीने ४०० ठेवेल. तसं केलं तर ३ मीटरच्या पट्टीचं टोक पाइपावर न येता मध्येच हवेत येतं. ३७५ चे आठ गाळे म्हणजे बरोबर ३ मीटर. तुमच्या भिंतीला ३४ ओळी होतात. खिडक्या-दाराच्या कडेचे धरून साधारण २३५ मीटर पाइप. हा पाइप मीटरला पाऊण किलोच्या आसपास भरतो, म्हणजे १८० किलो ॲल्युमिनियम. बेळगावात हे किलोवरच मिळतं. कोपऱ्याचे आणि खिडकीवरचे वाकवलेले भाग बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून आधीच करून न्या, माजाळीला आयत्या वेळी मिळणार नाहीत.

पाइप भिंतीला दर ६०० मिलिमीटरला धरायचे, सगळे मिळून ४०० जागा. ४३० नग घ्या. चिरा मऊ आणि भोकाभोकाचा असतो. काँक्रीटसाठीचे फुगणारे लोखंडी बोल्ट त्यात आवळले की दगड आतून चिरतो आणि बोल्ट हातात येतो. इथं लांब नायलॉन प्लगचे, १०० मिलिमीटरचे फ्रेम स्क्रू वापरा, स्क्रू ३१६ चा. गिलाव्यातली लांबी धरायची नाही. चिऱ्यात किमान ६० मिलिमीटर गेलं पाहिजे, आणि भोक दगडात पडावं, चुन्याच्या सांध्यात नाही. हॅमर बंद ठेवून, नुसतं फिरवून भोक पाडा. पहिले पाच स्क्रू बसवले की पक्कडीने अंगाचं वजन टाकून ओढून बघा. फिरला किंवा हलला तर त्या भागात जाळीच्या नळीसह केमिकल अँकर (भोकात घट्ट होणारं रसायन भरून बसवलेला बोल्ट) वापरावा लागेल. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने हा किनारा झोडपला होता, तेव्हा ही चाचणी ठेकेदारावर सोडू नका, समोर उभं राहून करून घ्या. पाइप आणि भिंत यांच्यात प्रत्येक स्क्रूच्या जागी ईपीडीएम रबराचा किंवा नायलॉनचा तुकडा ठेवा : ओलं सिमेंट ॲल्युमिनियमला खातं, आणि ओळंबा साधायलाही तो तुकडा उपयोगी पडतो.

स्टेनलेसबद्दल जरा सविस्तर, कारण फसवणूक इथंच होते. बाजारात 'एसएस' म्हणून जे हातात पडतं ते बहुधा ३०४, कधी ४१०. ४१० वर लोहचुंबक घट्ट चिकटतं, तो वेगळा काढता येतो. ३०४ आणि ३१६ मात्र चुंबकाने ओळखता येत नाहीत. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, मिठाला तेच तोंड देतं. ३०४ माजाळीला दोन-तीन वर्षांत चहाच्या रंगाचे ओघळ सोडायला लागतो. चांगल्या मालावर खूण असते, ए-२ म्हणजे ३०४ आणि ए-४ म्हणजे ३१६. खूण नसलेला खोका घेऊ नका. शंका असेल तर मॉलिब्डेनम तपासायचं थेंबाचं रसायन मिळतं, ते एका स्क्रूवर टाकून बघा. स्वतः भोक पाडत जाणारे अस्सल ३१६ चे स्क्रू क्वचितच मिळतात, कारण हा पोलाद टोकाला तेवढा कडक नसतो. म्हणून पट्टीला आणि पाइपाला आधी ड्रिल मारून मग स्क्रू. कारागिराला हे दुप्पट काम वाटेल, मजुरी तशी ठरवा.

ॲल्युमिनियमच्या पाइपात स्टेनलेसचा स्क्रू चालतो का, हा प्रश्न कुणीतरी उपस्थित करेलच. चालतो. दोन धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आले की दोघांतला लवकर गंजणारा, म्हणजे इथं ॲल्युमिनियम, झिजतो, पण झीज किती हे दोघांच्या क्षेत्रफळावर ठरतं. मोठ्या ॲल्युमिनियममध्ये छोटा स्टेनलेस असेल तर ती झीज पसरते आणि नगण्य राहते. उलट स्टेनलेसच्या पत्र्याला ॲल्युमिनियमचे रिव्हेट मारले तर रिव्हेट लवकरच पीठ होतात. स्क्रूच्या आट्याला जस्ताची किंवा सागरी वापराची पेस्ट लावलीत तर उत्तमच.

पट्टी लावायची ती खालून वर. जमिनीपासून किंवा फरशीपासून किमान १५० मिलिमीटर वर सुरुवात करा, नाहीतर पावळीचं पाणी उडून खालची कड सतत भिजते. अगदी खाली पट्टीच्याच जाडीची एक अरुंद चीप आधी मारा, म्हणजे पहिली पट्टी वरच्यांसारखीच तिरकी बसते. फटीच्या खालच्या आणि वरच्या तोंडाला ३१६ ची किंवा फायबरग्लासची बारीक जाळी, गांधीलमाशा आणि पाली आत जाऊ नयेत म्हणून. लोखंडी जाळी दुसऱ्या वर्षी गळून पडेल. वरची ३० मिलिमीटर कड पुढच्या पट्टीखाली झाकली जाते, तिथं कडेपासून २० ते २५ मिलिमीटर खाली प्रत्येक पाइपावर एक २५ मिलिमीटरचा स्क्रू. असा स्क्रू पावसापासून आणि बऱ्याच मिठापासून झाकला जातो. भिंतीच्या दोन्ही टोकांना शेवटच्या एक मीटरमध्ये वारा पट्टी बाहेर ओढतो, तिथं खालच्या कडेलाही समोरून ३५ मिलिमीटरचा स्क्रू मारा. सगळे मिळून १४०० च्या आसपास, १५०० घ्या. डोकं पृष्ठभागाशी सपाट येईपर्यंतच; ड्रिलचा जोर जास्त झाला तर बोर्डाला चंद्रकोरीसारखी चीर पडते आणि ती पट्टी पुढच्या वर्षी तिथून तुटते.

दोन पट्ट्यांची टोकं पाइपाच्या मध्यावर आणा, मध्ये ३ मिलिमीटर फट ठेवा आणि सांध्यामागे १५० मिलिमीटर रुंद ॲल्युमिनियमची पातळ पट्टी सरकवा, म्हणजे सांध्यातून आलेलं पाणी खालच्या पट्टीच्या पाठीवर न जाता पुढे पडतं. एकावर एक सांधे एका रेषेत आणू नका.

फायबर बोर्डाचा खरा शत्रू म्हणजे कापलेली उघडी कड. तिथून तो पाणी शोषतो, फुगतो, थर सुटतात आणि रंग उडतो. ठेकेदारांचं बहुतेक काम इथंच कच्चं असतं : भिंतीवर चढून कापलं, लावलं, मग वरून रंग मारला. कड तशीच. पट्टी खालीच कापायची, कापल्याबरोबर कडेला अल्कली-प्रतिरोधक प्रायमरचे दोन हात, पाठीलाही एक हात, मगच वर न्यायची. ड्रिलच्या भोकालाही ब्रशचं टोक फिरवा. कापताना उडणारी धूळ सिलिकाची असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. कारागिरांना नुसता रुमाल बांधायला देऊ नका, एन-९५ मास्क आणून द्या, आणि कापणं उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. नंतर शंभर टक्के अॅक्रिलिकचे दोन हात, फिकट रंगात.

प्रत्येक खिडकीच्या डोक्यावर ॲल्युमिनियमची वाकवलेली पट्टी हवी : एक कड पाइपामागे भिंतीला वर चढलेली, दुसरी क्लॅडिंगच्या पुढे आलेली. फटीतून खाली येणारं पाणी खिडकीच्या चौकटीवर न पडता बाहेर यावं म्हणून. ही पट्टी आणि तिच्यावरची पहिली क्लॅडिंगची कड यांच्यात ६ मिलिमीटर मोकळे सोडा. काम संपताना गवंडी ही जागा आणि तळाची जाळी 'बरं दिसावं' म्हणून सिमेंटने किंवा सिलिकॉनने लिंपून टाकतो. त्या दिवशी तिथं हजर राहा. लिंपली तर मागची सगळी फट ही पाण्याची बंद टाकी होते, आणि आजच्यापेक्षा जास्त ओल आत येईल.

हे सगळं फक्त पश्चिमेच्या भिंतीला करा, आणि दक्षिणेच्या भिंतीवरही झड येत असेल तर तिचा समुद्राकडचा भाग धरा. पूर्व आणि उत्तरेला चांगला गिलावा, खिडक्यांवर दोन फुटी छज्जा आणि साधा बाहेरचा रंग पुरे. चारी बाजू झाकायचे पैसे वाचवून ते स्क्रूंवर आणि ॲल्युमिनियमवर घाला. बजेट अजून कमी असेल तर पट्ट्यांचा विचार एक वर्ष पुढे ढकला, पण ए-४ च्या जागी ए-२ आणि ॲल्युमिनियमच्या जागी लोखंडी पाइप घेऊ नका. मधलं वर्ष कठडा, छज्जा, गिलावा एवढंच केलंत तरी ओल निम्म्याहून कमी होईल.

देखभाल टाळता येणार नाही, पण ती हलकी आहे. पाऊस संपल्यावर मीठ पुन्हा साठायला लागतं, म्हणून डिसेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये एकदा बागेच्या पाइपाने गोड्या पाण्याने भिंत धुवा. वळचणीखालचा आणि छज्जाखालचा भाग आधी आणि जास्त वेळ, कारण पाऊस तिथं कधीच पोचत नाही. विहीर किनाऱ्याजवळची असेल तर पाणी चाखून बघा. मचूळ असेल तर ते वापरू नका. जोराचा फवारा खालून वर मारू नका, तो पाणी पट्टीमागे ढकलतो. मृगाआधी तळाची जाळी झाडून घ्या. सात-आठ वर्षांनी रंगाचा एक हात, आणि तेव्हाच दर दहा स्क्रूंतला एक आवळून बघा.

थोरल्या बंधूंच्या जांबोटीच्या पत्र्याबद्दल : तो राहू द्या. फक्त त्यांना खालच्या फुटाभराच्या पट्ट्यातलं शेवाळ दरवर्षी काढायला सांगा, कारण शेवाळ पत्रा सतत ओला ठेवतं, आणि स्क्रूखालचे रबरी वॉशर आठ वर्षांत कडक झाले असतील ते बदलायला सांगा. पुढे कधी नवा पत्रा बसवलात तर तो ग्राइंडरने कापू देऊ नका. त्याच्या उष्णतेने कडेचं जस्त जळतं आणि उडणारे लोखंडी कण पत्र्यावर चिकटून पहिल्याच पावसात तांबडे ठिपके पडतात. पत्रा कातरीनेच कापायचा.

ठेकेदाराशी कागद करताना हे शब्द तसेच घाला : बोर्ड आयएस १४८६२ 'ए' प्रकार, पाइप ६०६३, २ मिलिमीटर, सर्व स्क्रू ए-४ खुणेचे, खोके मालकाला दाखवून फोडायचे, मागे २५ मिलिमीटर फट, वर-खाली उघडी, प्रत्येक कापलेली कड लावण्याआधी प्रायमर केलेली. शेवटचा चौथा हिस्सा पहिला पाऊस पडून गेल्यावर, जुलैअखेर भिंत आतून हात लावून पाहिल्यावर द्यायचा, हेही त्यातच लिहा.